नवख्यांना हिमशिखरावर न्यायचंय? आधी हळू चालायला शिकवा

प्रश्न थोडक्यात असा. नाशिकचा सहा जणांचा ग्रुप, वयं २६ ते ४८. कळसूबाई, हरिहर, अंजनेरी, साल्हेर झालेत, हिमालयात मात्र कुणीच गेलेलं नाही. पुढच्या जूनमध्ये ६००० मीटरचं शिखर करायचं म्हणतात. हाताशी दहा महिने आहेत आणि ग्रुप चालवणाऱ्याला महिन्यावार वेळापत्रक हवंय. सोबत तीन उपप्रश्न आहेत: जिम लावायची का, उंचीच्या त्रासावरची डायमॉक्सची गोळी घ्यायची का, आणि ४८ वर्षांच्या सदस्याच्या कुरकुरणाऱ्या गुडघ्याचं काय करायचं.

वेळापत्रक देतो, पण त्याआधी थोडं बोलू द्या. मी पुण्यात सोळा-सतरा वर्षं नवख्या लोकांची हिमालयासाठी तयारी करून घेतोय. शिखराच्या अलीकडून ज्यांना परत आणावं लागलं त्यांची यादी काढली, तर निव्वळ दम कमी पडला म्हणून परतलेले फार थोडे निघतील. बाकीच्यांची कारणं ऐकून हसू येईल. पहिले दोन दिवस ईर्ष्येने चालला. पाणी गार लागतं म्हणून प्यायलीच नाही. बूट चावत होता, पण लीडरला सांगायचा संकोच वाटला. डोकं दुखत होतं, ते लपवलं. तुम्ही विचारताय की सहा जणांचा दम कसा वाढवू. दम वाढवणं त्यातल्या त्यात सोपं आहे. अनोळखी, थंड, विरळ हवेच्या जागी आठ-दहा दिवस स्वतःचं शरीर सांभाळायचं आणि त्याची खरी बातमी दुसऱ्याला द्यायची, हे शिकवणं अवघड.

आता त्या ६००० च्या आकड्याबद्दल. दहा महिन्यांत अशक्य आहे का? नाही. लोक करतात. तरीही मी तुमच्या ग्रुपला पहिल्याच खेपेला नेणार नाही. कळसूबाई १६४६ मीटर, म्हणजे महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच जागी उभं राहूनही विरळ हवा म्हणजे काय हे कळत नाही. लेह ३५०० मीटरवर आहे, तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन तृतीयांशाच्या आसपास येतो. ५५०० मीटरला तो निम्मा होतो. तुमच्या सहा जणांपैकी कुणाचं शरीर या निम्म्या हवेशी पटकन जुळवून घेईल आणि कुणाचं नाही, हे नाशिकला बसून सांगता येत नाही. वयावरून कळत नाही, सिक्स पॅकवरून कळत नाही, कळसूबाईच्या टायमिंगवरून तर अजिबात कळत नाही. एकदा उंचीवर झोपल्याशिवाय ते समजत नाही.

म्हणून माझा क्रम असा असतो: आधी ४००० मीटरच्या आतबाहेरचा एक ट्रेक, मग ५००० च्या वरचं एक शिखर, मग ६०००. तुमच्या जूनसाठी मनालीजवळचं फ्रेंडशिप पीक सुचवेन, ५२८९ मीटर. बर्फ, क्रॅम्पॉन (बर्फावर पाय घसरू नये म्हणून बुटाखाली बांधायचे धातूचे दात), रात्रीची चढाई, सगळं अनुभवायला मिळतं. तिथून जे ठणठणीत परत येतील त्यांनी पुढच्या वर्षी लडाखकडे जावं. तिकडचा मोसम तसाही जुलै-ऑगस्टचा. तिथल्या स्टोक कांगरीचं नाव जुने लेख वाचून अजून निघतं, पण ते शिखर २०२० पासून बंद केलं गेलंय. मनाली-लेह रस्त्याजवळचं युनाम शिखर सोपं म्हणून सांगतात. तांत्रिकदृष्ट्या सोपं आहेच, घसाऱ्यावरून चालत जायचं. पण तिथे गाडीच तुम्हाला भरतपूरला, साडेचार हजार मीटरच्याही वर नेऊन सोडते. पायांनी कमावलेली उंची शरीर पचवतं. गाडीने मिळालेली उंची रात्री हिशोब मागते.

उंचीचा नियम पाठ करून ठेवा. ३००० मीटरच्या वर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस आहे तिथेच थांबायचं. दिवसा वर चढून रात्री खाली झोपायला यायला हरकत नाही, उलट ते चांगलंच. कुठल्याही आयोजकाचा कार्यक्रम हातात आला की आधी मुक्कामांच्या उंचीची वजाबाकी करा, मग पैशांची चौकशी.

आता चालण्याकडे येतो. सह्याद्रीने आपल्याला एक वाईट सवय लावलीय, ती म्हणजे घड्याळ. आमच्याकडे सिंहगड किती मिनिटांत, तुमच्याकडे कळसूबाई किती वेळात. ऊन व्हायच्या आत वर पोहोचायचं, आणि मुक्कामी गाडी गाठायची, म्हणून सगळे धावतात. हिमालयात हाच माणूस पहिल्या दिवशी सगळ्यांच्या पुढे असतो आणि तिसऱ्या दिवशी तंबूत. मी पहिले दोन महिने लोकांना फक्त हळू चालवतो. कसोटी सोपी आहे: चढताना सतराचा पाढा मोठ्याने म्हणायचा. मध्येच श्वास तुटला तर वेग जास्त. (पाढाच येत नसेल तर तो वेगळा प्रश्न, पण पुण्यात असेही भेटतात.) या वेगाने तासन् तास चालल्याने जो पाया तयार होतो, तोच वर कामी येतो. धापा टाकत केलेल्या वीस मिनिटांच्या कसरतीने तो होत नाही.

त्याच्या जोडीला थांबून टाकायचं पाऊल शिकवा. मागचा पाय गुडघ्यात सरळ करायचा, वजन हाडांवर सोडायचं, क्षणभर मांडीला विश्रांती द्यायची, मग पुढचं पाऊल. सुरुवातीला लोकांना हे लग्नातल्या वरातीसारखं वाटतं. पण शिखराच्या दिवशी दर पावलाला एक श्वास अशी गत होते, तेव्हा ज्याच्या पायांना ही लय ठाऊक आहे तो चालत राहतो. ज्याला नाही, तो वीस पावलं धावतो, पाच मिनिटं आईस-अॅक्सवर, म्हणजे बर्फाच्या कुऱ्हाडीवर, ओणवा होतो, आणि या थांबण्यातच गारठतो.

आता महिने. ऑगस्ट ते ऑक्टोबर आठवड्यातून तीन दिवस पाऊण ते एक तास, पाढ्याच्या वेगाने. पांडवलेण्यांचा चढ चालेल, घराच्या इमारतीचा जिनाही चालेल. रविवारी चार-पाच तासांचा डोंगर. सॅकमध्ये सुरुवातीला पाच किलो. वजन म्हणून पाण्याच्या बाटल्या घ्या आणि पहिले दोन महिने माथ्यावर पाणी ओतून रिकामी सॅक घेऊन उतरा, गुडघे दुवा देतील. ऑक्टोबरपासून वजन घेऊन उतरायचीही सवय करा, कारण हिमालयात सामान वर ओतून येता येत नाही.

जिमचं म्हणाल तर लावली तर उत्तम, नाही लावली तरी अडत नाही. आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास पुरे: बैठका, टाचा उचलून चवड्यांवर उभं राहणं, पाठ-पोटाचे व्यायाम, आणि एक मात्र न चुकता: फुटभर उंच पाटावरून एका पायाने अगदी सावकाश खाली उतरणं. मांडीचे स्नायू चढताना दमतात, पण फाटतात ते उतरताना. शिखरावरून येताना पाय थरथरायला लागले की क्रॅम्पॉनचे दात पँटीत अडकतात, आणि माणूस पडतो तो तेव्हाच.

नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये शनिवार-रविवार जोडून चाला. रविवारी सकाळी भरलेल्या पायांनी पुन्हा चढायला लागणं, हाच धडा आहे. या काळात एकदा रतनगड, कात्राबाईची खिंड, हरिश्चंद्रगड असा तीन दिवसांचा पल्ला करा, दहा-बारा किलोच्या सॅकसह, तंबू आणि चूल आपली. गावात पिठलं-भाकरी सांगून ठेवायची नाही. अभयारण्याचा भाग आहे, मुक्कामाबद्दल वनखात्याकडे आधी विचारा. तिसऱ्या दिवशी कोण चिडतं, कोण न सांगता दुसऱ्याचा तंबू आवरायला लागतं, ते बघून ठेवा. वहीत लिहू नका, लक्षात ठेवा.

डिसेंबरअखेर किंवा जानेवारीत उत्तराखंडमधलं केदारकंठा करा, साधारण ३८०० मीटर. गर्दी असते, मान्य. तरी तुमच्या सहा जणांना बर्फ, उणे तापमान आणि उंचीवरची पहिली झोप एकदम मिळेल. तिथून परत आल्यावर दोघं-तिघं स्वतःहून म्हणतील की हे आपल्याच्याने नाही. म्हणू द्या, आग्रह करू नका.

फेब्रुवारी-मार्चमध्ये माझी परीक्षा असते. पायथ्याच्या बारी गावातून कळसूबाई एका दिवसात दोनदा, पाठीवर आठ-दहा किलो घेऊन. एका खेपेला साडेआठशे-नऊशे मीटरचा चढ पडतो, म्हणजे दिवसभरात सतराशेच्या वर. फ्रेंडशिपचा शिखराचा दिवस वरचा कॅम्प कुठे लावलाय त्यावर ठरतो, पण बारा-चौदा तास धरूनच चला. दुसऱ्यांदा शिड्यांपाशी पोहोचल्यावर चेहऱ्यावर वैताग असला तरी पाढा म्हणता येत असेल, तर पाय तयार आहेत. वेळ लावू नका. पूर्ण केलं, दुसऱ्या दिवशी कामावर गेले, पास.

एप्रिल-मेमध्ये उन्हामुळे तसंही पहाटेच चालावं लागतं, त्याचा फायदा घ्या. शिखराची चढाई मध्यरात्री एक-दोनला सुरू होते. आम्ही त्यासाठी कात्रज ते सिंहगड रात्रभर चालतो, एकामागून एक टेकड्या, आणि मुद्दाम अमावस्येच्या आसपास, म्हणजे हेडटॉर्चच्या उजेडातच पाऊल ठेवावं लागतं. तुम्हीही ओळखीची, सुरक्षित वाट निवडून तसं करा. शेवटचे दहा-बारा दिवस हात आखडता घ्या. निघायच्या आदल्या रविवारी ‘एक शेवटचा डोंगर’ करून घोटा मुरगळून घेणारा प्रत्येक ग्रुपमध्ये एक असतोच.

इथवर पायांचं झालं, आता हातांचं. माझ्या पहिल्या शिखराच्या वेळी वरच्या उतारावर क्रॅम्पॉनचा पट्टा सैल झाला. जाड मोज्यांत बक्कल सापडेना, म्हणून उजवा हातमोजा काढून गुडघ्यावर ठेवला. वारा आला आणि मोजा उतारावरून टुणटुण उड्या मारत खाली गेला. मी बघत राहिलो. पाच मिनिटांत बोटांची टोकं पांढरी पडली, वेदनाही जाणवेना. बोटं काखेत धरून तसाच मागे फिरलो. शिखर डोळ्यांसमोर होतं, दम होता, हवा स्वच्छ होती.

तेव्हापासून माझ्याकडे सराव असा असतो. गच्चीवर रात्री दिवे बंद करायचे. हातात स्वयंपाकघरातले गरम भांडी उतरवायचे जाड मोजे घालायचे. बुटावर क्रॅम्पॉन चढवायचे, पट्टा ओवायचा, काढायचे, पुन्हा चढवायचे. सुरुवातीला माणशी वीस-वीस मिनिटं लागतात. आमच्या सोसायटीचा वॉचमन एकदा वर येऊन विचारून गेला, काही हरवलंय का. दहाव्या वेळेला चार मिनिटांवर आले की सोडतो. हार्नेस (कमरेचा पट्टा), कॅराबिनर (दोराची कडी), जुमार (दोरावर वर सरकायची पकड), सगळं याच पद्धतीने. आणि हातमोज्यांना लहान मुलांच्या मोज्यांसारखी नाडी, प्रत्येकाला, माझ्यासकट.

बूट मनालीत भाड्याने मिळतात. तिथे घाई करू नका. दोन मोजे घालून उतारावर उभं राहा, अंगठा पुढे टेकला तर तो बूट परत द्या, मग दुकानदार कितीही म्हणो की ‘पहननेसे खुल जाएगा.’

खाण्याचं एक सांगतो, कारण याकडे कुणी बघत नाही. उंचीवर भूक मरते, गोड नकोसं होतं. चिक्की उण्यात दगड होते, माझ्या ओळखीच्या एकाच्या दाढेतली चांदी तिच्यासकट बाहेर आली. खजूर, मऊ राजगिरा लाडू, तिखटमिठाचा चिवडा चालतो. आणि मेतकूट न्या. पाच हजार मीटरच्या आसपास पाणी ८३-८४ अंशांनाच उकळतं, डाळ-तांदूळ शिजता शिजत नाहीत, म्हणून प्रेशर कुकर लागतो. अशा अर्धवट भुकेत गरम भात-मेतकूट घशाखाली उतरतं, तिथे पनीर उतरत नाही. पाणी दिवसाला तीन-चार लिटर. नळीवाली पिशवी वर गोठते, बाटलीच न्या आणि सॅकमध्ये ती उलटी ठेवा. बर्फ वरच्या बाजूने धरतो, त्यामुळे झाकणाचं तोंड मोकळं राहतं.

कोर्सबद्दल. उत्तरकाशी, दार्जिलिंग, मनाली, पहलगाम इथल्या संस्थांचा बेसिक कोर्स पावणेचार-चार आठवड्यांचा असतो. सहाही जणांना एवढी रजा मिळणार नाही, हे मला माहीत आहे. निदान दोघांनी करा. जागा आधीच भरतात आणि वयाच्या अटी असतात, म्हणून आजच चौकशी करा. कोर्समुळे घसरल्यावर आईस-अॅक्सने स्वतःला थांबवणं अंगवळणी पडतं, ते वाचून येत नाही. पण कोर्स म्हणजे कवच असं समजू नका. ४ ऑक्टोबर २०२२ ला उत्तराखंडमधल्या द्रौपदी का डांडा-२ शिखरावर हिमप्रपातात सापडले ते अॅडव्हान्स कोर्सचे प्रशिक्षणार्थी आणि त्यांचे शिक्षकच होते. त्याच वर्षी मे महिन्यात एव्हरेस्ट चढून आलेली सविता कंसवाल त्यांच्यात होती.

आता सगळ्यात महत्त्वाचं, खरी बातमी. एका ग्रुपमध्ये माझ्याबरोबर एक धावणारा मुलगा होता, हाफ मॅरेथॉनवाला. तीन सकाळी विचारलं, डोकं? ‘एकदम मस्त, सर.’ चौथ्या सकाळी तो तंबूबाहेर बसून बुटाची नाडी हुकात अडकवत होता. नाडी हुकाच्या शेजारून जात होती. पुन्हा तेच. पुन्हा तेच, आणि त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. मी त्याला उभं केलं आणि जमिनीवर पसरलेल्या दोरावरून टाचेला अंगठा लावत चालायला सांगितलं. तिसऱ्या पावलाला तो डावीकडे कलंडला. उंचीवर असा तोल जाणं म्हणजे मेंदूला सूज आल्याची खूण. जवळचं औषध दिलं, दोघांनी दोन बाजूंनी धरलं आणि तासाभरात खाली निघालो. सहाशे मीटर उतरल्यावर संध्याकाळी तो खिचडी मागायला लागला. दुसऱ्या दिवशी आणखी खाली, डॉक्टरकडे. नंतर म्हणाला, पहिल्या रात्रीपासूनच दुखत होतं, पण रजा पुन्हा मिळाली नसती.

त्या दिवसापासून मी नुसतं ‘कसं वाटतंय’ विचारणं बंद केलं. प्रत्येकाकडे छोटी वही. रोज सकाळी चार नोंदी: डोकेदुखी शून्य ते तीन, भूक, झोप, लघवीचा रंग. एकमेकांच्या वह्या एकमेकांनी वाचायच्या. हे हिमालयात गेल्यावर सुरू केलं तर लोक खोटं लिहितात, म्हणून नोव्हेंबरच्या हरिश्चंद्रगडापासूनच सुरू करा. तिथे लपवण्यासारखं काही नसतं, तोवर हात वळतो. बायकांच्या पाळीचा विषयही तेव्हाच, मोकळेपणाने काढा. उणे दहाला तंबूत तो पहिल्यांदा निघायला नको. ऑक्सिमीटर न्यायला हरकत नाही, पण गार बोटांवर तो काहीही दाखवतो. आकडा चांगला आणि माणूस तोल जाऊन चालतोय, तर माणसावर विश्वास ठेवा. बसल्या जागी धाप लागणं किंवा खोकला वाढत जाणं दिसलं तरीही तेच: खाली, लगेच, रात्र असली तरी. आणि आजारी माणूस कधीही एकटा उतरत नाही.

डायमॉक्स शरीराला जुळवून घ्यायला मदत करते, पण घाईने चढायचा परवाना देत नाही. प्रतिबंधासाठी सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा देतात, पण सल्फाची अॅलर्जी असलेल्यांना आणि काही इतरांना ती चालत नाही, म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारूनच. लघवीला वारंवार जावं लागतं, बोटांना मुंग्या येतात, सोड्याची चव बदललेली लागते. घ्यायची ठरली तर घरी एक-दोन दिवस घेऊन बघा. चाळिशीपुढच्यांनी, बीपी-मधुमेहवाल्यांनी हृदयाची तपासणी करून घ्यावी. बायकांनी हिमोग्लोबिन बघून घ्यावं, ते कमी निघणं फार नेहमीचं आहे आणि भरून यायला महिने लागतात.

परत फिरायची वेळही नाशिकला चहा पिता पिताच ठरवा. उदाहरणार्थ, सकाळी दहाला जिथे असू तिथून मागे. ऊन चढलं की बर्फ भुसभुशीत होतो, पाय मांडीपर्यंत रुततो आणि वरचे उतार सुटायला लागतात. कोण कुणाबरोबर उतरणार याच्या जोड्या पण आत्ताच लावा, आणि लीडर म्हणून सगळ्यात आधी शिखर सोडून उतरावं लागलं तर ते तुम्ही असाल, हे स्वतःला सांगून ठेवा.

राहिला गुडघा. एक्स-रे आणि तपासणी आधी. सूज नसेल, नुसती कुरकुर असेल, तर पाटावरून सावकाश उतरण्याचा व्यायाम तीन महिने, दोन काठ्या आणि वजनात दोन-तीन किलो घट, एवढ्यावर माझ्याकडचे बरेच जण सुधारलेत. कळसूबाईच्या दुहेरी खेपेनंतर दुसऱ्या सकाळी गुडघा सुजला, तर त्या सदस्याने फ्रेंडशिपच्या बेसकॅम्पपर्यंत यावं आणि तिथला भात सांभाळावा. मेतकूट त्यांच्याकडेच द्या.